आम्हाला बंद पाकीट देऊ नका: इंजिनाचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या अभियंत्यांना खुलं पत्र

प्रति,
मोटारगाड्यांच्या इंजिनांचं सॉफ्टवेअर लिहिणारे आणि त्याचं कॅलिब्रेशन, म्हणजे त्यातल्या आकड्यांची जुळणी, करणारे सर्व अभियंते

स. न. वि. वि.

मी मेकॅनिक आहे. एका मोठ्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये बोनेटखाली वाकून माझी बावीस वर्षं गेली. कोणत्या कंपनीच्या ते लिहीत नाही, नोकरी अजून करायची आहे. आपली कधी गाठ पडलेली नाही. पण तुम्ही लिहिलेलं मी जवळजवळ रोज हाताळतो. लॅपटॉप उघडायचा, केबल जोडायची, तुमची फाइल गाडीच्या ईसीयूमध्ये, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या छोट्या संगणकात, सोडायची आणि पडद्यावरची पट्टी शंभर टक्के भरेपर्यंत किल्लीला हात लावायचा नाही, एवढंच माझं काम. फाइलीत काय आहे ते मला माहीत नसतं. हे पत्र त्याबद्दल आहे.

कंपनीच्या मालकांना किंवा सरकारला सोडून तुम्हाला का लिहितोय, असं वाटेल. मालकांना लिहिलेलं पत्र जनसंपर्क विभागात जातं आणि उत्तरही तिथूनच येतं. ते वाचून आपण नक्की काय विचारलं होतं हेच विसरायला होतं. तुम्ही मात्र कारागीर आहात. तुमच्या हातात कीबोर्ड, माझ्या हातात पाना. एका कारागिराने दुसऱ्याला चार शब्द लिहिले तर बिघडत नाही.

आधी एक गंमत सांगतो.

मध्यंतरी एक गाडी आली, 'चेक इंजिन'चा दिवा लागलेली. स्कॅनर लावायला डॅशबोर्डखाली हात घातला, तर सॉकेटमध्ये आधीच काहीतरी खोचलेलं. काढून पाहिलं. काडेपेटीएवढी पिवळी डबी, तीन बारके दिवे, आणि वर ठसठशीत अक्षरांत इंधनात ३५ टक्के बचतीची हमी. मालक लगबगीने म्हणाले, "ते फेकू नका हं. त्याने ॲव्हरेज वाढलंय गाडीचं."

मी म्हटलं, उघडून बघू का? ते हो म्हणाले. स्क्रू नव्हतेच, नख घातल्यावर डबी उघडली. या सॉकेटला सोळा पिना असतात हे तुम्हाला सांगायला नको. ४ आणि ५ नंबरला अर्थिंग, १६ नंबरला बॅटरी, आणि ६ व १४ या जोडीवरून ईसीयूशी बोलणं. डबीतल्या हिरव्या पट्टीवर ६ आणि १४ पासून निघालेल्या रेघा दोन-तीन मिलिमीटर पुढे जात होत्या आणि संपत होत्या. चिपपर्यंत पोचतच नव्हत्या. बॅटरीची तार तेवढी खरी होती. चिप फक्त तीन दिवे आळीपाळीने लुकलुकवत होती. सोबतच्या पत्रकात लिहिलं होतं की दोनशे किलोमीटर चालवल्यावर हे यंत्र तुमची चालवण्याची सवय शिकतं. शिकणार कोणाकडून? गाडीशी त्याची बोलचालच नव्हती.

मालक बराच वेळ त्या तुटक्या रेघांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "पण फरक पडला होता हो."

यात ते खोटं बोलत नव्हते. माणसाने पैसे खर्चून ॲव्हरेज वाढवणारी वस्तू लावली की पुढचे पंधरा दिवस त्याचं लक्ष काट्यावर असतं. पाय आपोआप हलका पडतो, सिग्नल लांबून दिसला की तो ॲक्सिलरेटर सोडतो, टायरची हवाही एकदा तपासून घेतो. बचत पायाने केलेली असते, नाव डबीचं होतं. शिवाय पंपावर टाकी 'फुल' म्हणजे नेमकी किती फुल, हे दर वेळी वेगळं. नळी आपोआप कधी लवकर बंद होते, कधी उशिरा. एका टाकीचा हिशेब करून कोणतीही गोष्ट सिद्ध करता येते.

असल्या वस्तू मी पोत्याने पाहिल्या आहेत. इंधनाच्या नळीला बांधायचे लोहचुंबक पाहिले. पेट्रोलला चुंबकाचं सोयरसुतक नाही. हवेच्या पाइपात घालायची पंख्यासारखी पाती पाहिली. त्यांनी हवेला भोवरा मिळतो म्हणे, प्रत्यक्षात श्वास कोंडतो. पाण्यापासून हायड्रोजन काढून इंजिनाला पाजायची बरणीही पाहिली, ती तर चालते गाडीच्याच अल्टरनेटरवर. म्हणजे इंधन जाळून वीज करायची, विजेने पाणी फोडायचं आणि त्यातून निघालेला वायू जाळून इंधन वाचवायचं. स्वतःच्याच खांद्यावर बसून ओढा ओलांडण्यातला प्रकार. पाण्यावर गाडी चालवून दाखवतो म्हणणाऱ्या स्टॅन्ली मायर या अमेरिकन गृहस्थाला १९९६ मध्ये ओहायोच्या न्यायालयाने ढळढळीत फसवणुकीबद्दल दोषी धरून गुंतवणूकदारांचे पैसे परत करायला लावले होते. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने, म्हणजे ईपीएने, १९७० च्या दशकापासून अशी शंभराहून जास्त इंधनबचत साधनं तपासली. ॲव्हरेजमध्ये लक्षणीय वाढ करणारं एकही निघालं नाही. कारण साधं आहे. धड असलेल्या इंजिनात सिलिंडरमध्ये गेलेलं जवळजवळ सगळं इंधन जळतंच. वाया जाते ती उष्णता, सायलेन्सरमधून आणि रेडिएटरमधून. 'इंधन पूर्ण जाळतो' म्हणणाऱ्याला जाळायला उरलेलंच नसतं.

तर, पूर्वी हे सगळं मी चवीने सांगायचो आणि शेवटी म्हणायचो, कंपनीने दिलंय त्याला हात लावू नका. कंपनीच्या अभियंत्यांपेक्षा तो डबीवाला जास्त शहाणा आहे का?

सप्टेंबर २०१५ नंतर हे वाक्य माझ्या तोंडून निघत नाही.

फोक्सवॅगन या जर्मन कंपनीने धुराच्या तपासणीत केलेल्या फसवणुकीचं प्रकरण तुम्हाला माझ्यापेक्षा बारकाईने ठाऊक असणार. पण आमच्या बाजूने ते कसं दिसलं, ते ऐका. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातल्या एका छोट्या गटाने २०१३ मध्ये डिझेल गाड्यांच्या डिकीत धूर मोजायची यंत्रं ठेवली, यंत्रांना वीज द्यायला मागे जनरेटर बांधला, आणि गाड्या प्रयोगशाळेतल्या रोलरवर न चढवता सरळ रस्त्यावर काढल्या. त्यांना काही पकडायचं नव्हतं. उलट अमेरिकेतल्या डिझेल गाड्या किती स्वच्छ आहेत ते दाखवायचं होतं. अरविंद तिरुवेंगडम, हेमंत कप्पण्णा, मार्क बेश ही मुलं आकडे बघून चक्रावली आणि पहिला संशय त्यांनी स्वतःच्या यंत्रांवर घेतला. फोक्सवॅगनची जेट्टा गाडी नायट्रोजन ऑक्साइड हे विषारी वायू मर्यादेच्या १५ ते ३५ पट सोडत होती, पसाट ५ ते २० पट. त्याच यंत्रांनी तपासलेली तिसरी गाडी मात्र बहुतेक वेळ मर्यादेत होती. म्हणजे यंत्रं ठीक होती.

पुढे उघड झालं ते असं. गाडी रोलरवर आहे की रस्त्यावर, हे ईसीयू ओळखत होता. रोलरवरची गाडी कशी असते, डोळ्यांसमोर आणा. पुढची चाकं धावतात, मागची जागच्या जागी. स्टिअरिंग नाकासमोर. वेग ठरलेल्या तक्त्याप्रमाणे चढतो नि उतरतो. असं दिसलं की धूर स्वच्छ करणारी सगळी यंत्रणा शहाण्या मुलासारखी कामाला लागायची. रस्त्यावर आल्यावर ती हात आखडता घ्यायची. १८ सप्टेंबर २०१५ ला ईपीएने नोटीस काढली तेव्हा आकडा होता मर्यादेच्या ४० पटींपर्यंत. अमेरिकेत सुमारे ४ लाख ८२ हजार गाड्या, जगभरात १ कोटी १० लाख.

पिवळ्या डबीची तार ईसीयूपर्यंत पोचत नव्हती, म्हणून ती निरुपद्रवी होती. तुमच्या लोकांच्या तारा सगळ्या जागच्या जागी होत्या.

ही काही एका कंपनीची गोष्ट नव्हे. १९७३-७४ मध्येच फोक्सवॅगनने हवेच्या तापमानावरून धुराची यंत्रणा बंद करणाऱ्या एका स्विचच्या प्रकरणात ईपीएला १ लाख २० हजार डॉलर भरले होते. १९९५ मध्ये जनरल मोटर्सच्या ४ लाख ७० हजार कॅडिलॅक सापडल्या. त्यात एसी लावला की इंजिनाला जादा इंधन मिळायचं आणि कार्बन मोनॉक्साइड वाढायचा. चाचणी तेव्हा एसी बंद ठेवून होत असे. १९९८ मध्ये ट्रकची इंजिनं बनवणाऱ्या सात कंपन्या एकदम अडकल्या, १३ लाख इंजिनं. ही इंजिनं हमरस्त्यावर एका वेगाने धावायला लागली की इंधन वाचवायच्या मोडमध्ये जायची आणि धुराचं तोंड मोकळं सुटायचं. भारतात २०१३ मध्ये जनरल मोटर्सने १ लाख १४ हजार टवेरा परत बोलावल्या. तिथे तर सॉफ्टवेअरचीही गरज पडली नाही, कमी धूर सोडणारी इंजिनं आधीच निवडून तपासणीसाठी बाजूला काढून ठेवली जात होती. जपानमध्ये मित्सुबिशीने २०१६ मध्ये कबूल केलं की ६ लाख २५ हजार छोट्या गाड्यांचं ॲव्हरेज फुगवून दाखवलंय, आणि मोजण्याची चुकीची पद्धत १९९१ पासून चालत आलेली आहे. पंचवीस वर्षं! एका खात्यात पंचवीस वर्षं म्हणजे कितीतरी जण त्या टेबलावर नव्याने रुजू झाले असतील, 'इथे असंच करतात' हे शिकले असतील आणि निवृत्तीचा हार घेऊन घरी गेले असतील.

मी तुम्हाला चोर म्हणत नाही. बोनेटखाली मी रोज असतो, त्यामुळे तुमची अडचण मला कळते. डिझेल चांगलं, गरम जळलं की ॲव्हरेज मिळतं आणि नायट्रोजन ऑक्साइडही वाढतात. धूर परत फिरवून, म्हणजे ईजीआरने, ज्वाला थंड केली की ते कमी होतात. मग काजळी वाढते, फिल्टर चोंदतो, ईजीआरचा व्हॉल्व्ह डांबरासारख्या राडीने भरतो आणि ती खरवडायला मीच असतो. धुरात युरियाचं द्रावण फवारलं तर काम होतं, पण पुरेसं फवारायचं तर टाकी मोठी हवी किंवा ग्राहकाने ती मध्येच भरायला हवी. विक्री विभाग सांगतो, टाकी एका सर्व्हिसिंगपासून दुसऱ्यापर्यंत पुरली पाहिजे. ॲव्हरेज, पिकअप, किंमत, स्वच्छ धूर, आणि ग्राहकाला काही कटकट नको: पाच गोष्टी मागितल्या जातात आणि निसर्ग त्यातल्या तीन-चारच देतो. उरलेली पाचवी कागदावर द्यायची असते. ग्यानबाची मेख इथे आहे, आणि त्या मेखेवर तुम्हाला बसवलेलं असतं.

पण माझं तुमच्याशी भांडण याहून लहान आणि वेगळं आहे. ते रिकॉलबद्दल, म्हणजे दुरुस्तीसाठी गाड्या परत बोलावण्याबद्दल आहे.

फोक्सवॅगनच्या खटल्यात कंपनीने जे गुन्हे कबूल केले, त्यात एक गोष्ट फारशी कोणी बोलत नाही. माझी मात्र ती वाचून झोप उडाली. साधारण २०१२ मध्ये ग्राहकांच्या काही गाड्यांचे भाग निकामी व्हायला लागले. अभियंत्यांनी कारण शोधलं. त्यांचा अंदाज असा, की गाड्या रस्त्यावर असतानाही चुकून 'रोलर'च्या मोडमध्ये राहत आहेत, म्हणजे स्वच्छ चालत आहेत, आणि इतका वेळ स्वच्छ चालायला त्या बनवलेल्याच नसल्याने सायलेन्सरच्या यंत्रणेवर ताण येतोय. मग उपाय काय केला? ओळख पटवण्याची युक्ती आणखी पक्की केली. स्टिअरिंग किती वळतं तेही बघायला शिकवलं. चाक वळलं की रस्ता, नाही वळलं की रोलर.

आणि ही सुधारणा जुन्या गाड्यांत पोचली कशी? २०१४ च्या सुमारास, सर्व्हिसिंगला आलेल्या गाड्यांत अपडेट म्हणून. ग्राहकांना आणि सरकारी यंत्रणेला सांगितलं गेलं, गाडी सुधारण्यासाठी आहे.

ती अपडेट कोणी घातली? माझ्यासारख्याने. लॅपटॉप उघडून, केबल जोडून, पट्टी भरेपर्यंत चहाचे घोट घेत. तो बिचारा कुठल्या तरी सर्व्हिस सेंटरमध्ये गाडीच्या मालकाला म्हणाला असेल, "झालं साहेब, आता गाडी एकदम ओके." त्याच्या हातून चोरी पक्की करून घेतली आणि त्याला पत्ताच नाही. कुंपणाने शेत खाल्लं तर निदान कुंपणाला तरी माहीत असतं.

याच्यावर कडी अशी, की भांडं फुटल्यावर युरोपात रिकॉल करून जी दुरुस्ती घातली, तिच्यातही कुलूप होतं. १५ ते ३३ अंश सेल्सिअसच्या दरम्यान धूर नीट साफ व्हायचा. थंडी वाढली, ऊन वाढलं किंवा गाडी एक हजार मीटरपेक्षा उंच चढली की ईजीआर कमी. युरोपीय न्यायालयाने जुलै २०२२ मध्ये निकाल दिला की अशी तापमानाची खिडकी मुळात बेकायदा आहे, कारण त्या प्रदेशात पारा वर्षाचा मोठा काळ १५ अंशांच्या खालीच असतो. रोगाचा उपचार म्हणून दिलेल्या इंजेक्शनात पुन्हा तोच रोग, आणि सुई टोचणारा पुन्हा सर्व्हिस सेंटरमधलाच कोणीतरी.

त्या रिकॉलमधला एक भाग मला आवडला, तेही सांगतो. १.६ लिटरच्या इंजिनांना सॉफ्टवेअरबरोबर प्लास्टिकची एक जाळी बसवायची होती, हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या अगदी पुढे. तिने आत येणारी हवा शांत होते आणि मोजमाप नेमकं होतं. बाजारातला भामटा हवेला भोवरा द्यायला पाती विकतो आणि कंपनी भोवरा मोडायला जाळी देते, असं म्हणून आम्ही हसलो होतो. पण ती जाळी हातात धरता येत होती. ग्राहकाला दाखवता येत होती: ही बघा, इथे बसते, हे करते. फाइल दाखवता येत नाही.

आता माझी स्वतःची गोष्ट, तीही लपवायला नको.

काही वर्षांपूर्वी आमच्याकडे एक अपडेट आली. कागदावर एक ओळ: 'इंजिनाची कार्यप्रणाली अधिक सुरळीत करण्यासाठी'. आमचे एक जुने ग्राहक आहेत, हिशेबनीस होते, आता निवृत्त. त्यांच्या गाडीत एक वही असते. तारीख, किलोमीटरचा आकडा, किती लिटर भरलं, आणि शेवटी 'शेरा' असा रकाना. शेऱ्यात बारीक अक्षरात 'पाऊस', 'चार माणसे व सामान', 'टायर बदलले'. पहिल्या दिवसापासूनचा प्रत्येक लिटर त्यात आहे. त्यांच्या गाडीत मी ती फाइल घातली. तीन महिन्यांनी ते वही घेऊन आले, माझ्यासमोर उघडली आणि एका रेघेवर बोट ठेवलं. रेघेच्या वरची ओळीने दहा-बारा टाक्यांची सरासरी आणि खालची सरासरी. लिटरमागे सव्वा किलोमीटर कमी. शेऱ्यात लिहिलं होतं, 'सर्व्हिस सेंटरला अपडेट'.

"काय केलंत?" त्यांनी विचारलं. आवाज चढवला नाही.

मी सांगितलं, टायरमधली हवा बघू. मग सांगितलं, हल्ली इंधनच तसं येतं. मग सांगितलं, सवय होईल. बावीस वर्षांच्या अनुभवाचा माणूस त्या पिवळ्या डबीच्या पत्रकासारखा बोलत होता. त्यांनी वही मिटली, "बरं" म्हणाले आणि गेले.

कदाचित ती अपडेट चांगलीच असेल. कदाचित आधी धूर जास्त होता, तो कमी केला आणि त्याची किंमत म्हणून सव्वा किलोमीटर गेला. तसं असेल तर त्या गृहस्थांनी कुरकुर न करता मान्य केलं असतं. शेऱ्यात तेही लिहिलं असतं. मला ठाऊकच नव्हतं, तर सांगणार काय?

यातून काय होतं बघा. लोक आपापसात बोलतात. रिकॉलला गेलं की ॲव्हरेज पडतं, पिकअप मरतो, हे एकाचं दुसऱ्याला कळतं, आणि मग रिकॉलचं पत्र आलं तरी माणसं येत नाहीत. आणि आली, तर नंतर तिसरीकडेच जातात. ईजीआर बंद करून देणारे, फिल्टर पोकळ करून देणारे, युरिया संपला तरी गाडीला टाकी भरलेली आहे असं भासवणारी डबी लावून देणारे. या डब्यांच्या तारा मात्र शेवटपर्यंत जोडलेल्या असतात. ईपीएने २०२० मध्ये अंदाज काढला, की एकट्या अमेरिकेत दहा वर्षांत साडेपाच लाखांहून जास्त डिझेल पिकअप गाड्यांची धूर स्वच्छ करायची यंत्रणा अशी काढून टाकली गेली. या लोकांना मी समोरासमोर शिव्या घालतो. पण गिऱ्हाईक त्यांच्याकडे का जातं, हेही बघतो. तो निदान सांगतो तरी की मी हे हे काढतोय, याने ॲव्हरेज इतकं वाढेल. बेकायदा काम करणारा माणूस उघड सांगतो आणि कायदेशीर काम करणारा मी मुका. विश्वास कोणावर बसेल?

धुराचं मोल डोळ्यांना दिसत नाही, म्हणून हे सगळं चालतं. नायट्रोजन ऑक्साइडला रंग नसल्यासारखाच असतो, सायलेन्सरपाशी रुमाल धरला तर काळाही होत नाही. २०१७ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात एक अभ्यास आला. प्रमुख ११ बाजारपेठांतल्या डिझेल वाहनांनी मर्यादेबाहेर सोडलेल्या नायट्रोजन ऑक्साइडमुळे २०१५ या एका वर्षात सुमारे ३८ हजार माणसं अकाली दगावली, असा त्यातला हिशेब. यात फसवणूक किती, ढिले नियम किती आणि ढिली तपासणी किती, हे वेगळं काढलेलं नाही. पण फुप्फुसाला तो फरक कळतही नाही.

म्हणून माझं मागणं. ते फार मोठं नाही.

रिकॉलची किंवा साध्या अपडेटची फाइल पाठवाल तेव्हा तिच्याबरोबर एक पान पाठवा. कंपनीच्या वकिलाने लिहिलेलं नको, तुम्ही लिहिलेलं. आधी काय होत होतं, आता काय होईल. ईजीआर कोणत्या तापमानाला, किती उंचीवर हात आखडता घेतो. युरिया किती जास्त लागेल. ॲव्हरेज पडणार असेल तर किती, तुमच्या स्वतःच्या मोजणीत. आणि खाली, ज्याने हे तपासलं त्याचं नाव.

'ग्राहकाला समजणार नाही' हे उत्तर मला देऊ नका. औषधाच्या खोक्यातला कागद कोणाला पूर्ण समजतो? तरी तो असतो, आणि ज्याला समजतं तो वाचतो. वहीवाले गृहस्थ तर शब्द न् शब्द वाचतील. आकड्यांची गुपितं स्पर्धकाला कळतील, हेही सांगू नका. स्पर्धक तुमची गाडी विकत आणून पहिल्या महिन्यात खोलतो, हे आम्हालाही माहीत आहे. राहता राहिला नियम. चाचणी रस्त्यावर आली, युरोपात सप्टेंबर २०१७ पासून नव्या मॉडेलना ती सक्तीची झाली, ही चांगली गोष्ट झाली. पण चाचणी मुख्यतः गाडी मंजूर होताना होते. अपडेट त्यानंतर पाच-सात वर्षं येतच राहतात, आणि त्या माझ्या हातून जातात.

नावाचं म्हणाल, तर ते तुमच्याच भल्यासाठी मागतोय. जेम्स लियांग हे फोक्सवॅगनमधले, तुमच्यासारखेच अभियंते. डिझेल इंजिनावर त्यांची सगळी हयात गेली. २०१७ मध्ये अमेरिकन न्यायालयाने त्यांना ४० महिन्यांची कैद दिली. कंपनीचे सर्वोच्च अधिकारी मार्टिन विंटरकॉर्न यांनी नोटीस आल्यावर पाच दिवसांत राजीनामा दिला. अमेरिकेत त्यांच्यावरही आरोपपत्र आहे, पण तिथल्या तुरुंगाचं दार त्यांनी पाहिलेलं नाही. तोंडी हुकूम वरून येतो आणि फाइलीवर खूण खालच्याची राहते. पानावर नाव घालायची वेळ आली की वरच्याला म्हणता येतं, "साहेब, हे मी लिहून देतो, पण मग असंच लिहीन." एवढं म्हणता आलं तरी पुष्कळ फायली लिहिल्याच जाणार नाहीत, असा माझा अंदाज आहे. चुकत असेन तर सांगा.

परवा नवी अपडेट आली. कागदावर पुन्हा एकच ओळ, 'कार्यप्रणाली अधिक सुरळीत'. यादीत जे गाडीचे नंबर आहेत त्यांत वहीवाल्या गृहस्थांची गाडीही आहे. मी फोन केला तेव्हा त्यांनी फक्त इतकंच विचारलं, की या वेळी शेऱ्यात काय लिहू. उद्या सकाळी दहाची वेळ दिली आहे. लॅपटॉप चार्जिंगला लावून ठेवलाय. काय लिहायला सांगू, तेवढं कळवा.

आपला,
एक मेकॅनिक